खाली सोडलेला पाय

धरणाकाठची वाडी, ता. मुळशी
२१ मे २०२४

चि. पल्लवीस,

जय भीम.

फोन तीनदा लावला. तिन्ही वेळेला "दादा, नंतर बोलते" म्हनलीस आणि तुजं ते नंतर काय उगवलं न्हाई. हितं रेंजसाठी टेकडी चढावी लागती. टेकडी चढून "नंतर" ऐकायचं म्हंजे गुडघे फुकट. म्हनून कागद काळे करतोय. सख्ख्या भावाचं पत्र तरी वाचशील.

काम असं हाय. यंदा धरणाचं पाणी लई खाली गेलंय, जुन्या घाटाच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. तुज्या शारदावयनीला परसात वांगी लावायचीत, म्हनून मी गाळ आणायला गेलो. फावडं कशाला तरी लागून खणकलं. बघतोय तर मूर्ती! वीतभर उंच, हिरवी पडलेली, बाई बसलेली. डाव्या पायाची मांडी आणि उजवा पाय खाली सोडलेला.

पल्ले, अंगावर काटा आला माज्या. ही आपली पायवाली हाय. सत्तावन साली आपल्या आज्यानं, आबानं, बौद्ध झाल्यावर घरातले समदे देव टोपल्यात भरले आणि धरणात सोडले, त्यातली ही. भिमाआत्या जन्मभर सांगत आली ना, "येक पाय खाली सोडलेली व्हती" म्हनून? बाकीच्या देवांचं नाव तिनं पुन्यांदा काढलं न्हाई. हिचं मातर काढायची.

आत्याला अजून बोललो न्हाई. शहात्तर वर्सांची झालीय, दम लागतोय. मूर्ती फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठिवलीय. तू म्युझियममधी असल्याच मूर्त्यांचं काम करतीस, म्हनून आधी तुला इचारतो, मग तिच्या हातात देतो. पौडला फोटू छापून घेतला, सोबत हाय. लवकर कळीव.

तुजा दादा,
रामदास


मारुंजी
२७ मे २०२४

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

फोटो बघितला आणि बसल्या जागेवरून उठलेच मी. आधी हे ऐक: चिंच लावू नकोस, राख लावू नकोस, घासू नकोस. वहिनीला सांग, भांड्यांची पावडर तिच्या आसपासही नको.

ही तारा आहे, दादा. हजार-बाराशे वर्षांची असावी. आधी मेणात घडवून मग कांस्यात ओतलेली. आणि ती बौद्धांची आहे! लेण्यांपासून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर भिक्षू आणि व्यापारी हिला जवळ बाळगत. आठ भयांतून ती माणसाला सोडवते असं मानत, त्यातलं एक भय पाण्याचं.

तो खाली सोडलेला पाय म्हणजे तिचा सगळा अर्थ. ध्यानातल्या मूर्ती दोन्ही पाय वर घेऊन बसतात. ही अर्धी ध्यानात आहे आणि अर्धी उठलेली. कुणी हाक मारली तर मांडी मोडण्यातही वेळ जायला नको, म्हणून पाय आधीच जमिनीवर.

म्हणजे बघ, आबांनी बुद्धाकडे जाताना जिला बुडवलं, ती बुद्धाच्याच घरची होती. मला हे सुचल्यापासून धड जेवण गेलेलं नाही.

आता कायद्याचं. अशी वस्तू सापडली की सरकारला कळवावंच लागतं. मी अधिकाऱ्यांना घेऊन येते. तोवर आत्याला दाखवू नकोस. ती हाताळणार, डोक्याला लावणार, चार बायका गोळा होणार, आणि घामाने धातू खराब होतो. मी तुला शब्द देते, कागदपत्रं झाली की मी स्वतः तिला घेऊन वाडीवर येईन आणि आत्याच्या हातात देईन.

आणि दादा, ऑफिसच्या नंबरवर फोन नको करूस हं. तिथे सगळ्यांसमोर बोलावं लागतं.

तुझी,
पल्लवी


वाडी
१४ जून २०२४

चि. पल्लवीस,

जय भीम. तुजा सप्रेम नमस्कार पोचला. सायबाला घालत्यात तसा वाटला.

तुजी मान्सं आली, जीप घेऊन. तू न्हाई आलीस. म्याडमना मीटिंग हाय म्हनले. पंचनामा झाला, त्यात मी "शोधणारा इसम". सही केली, डबा उघडून दिला. पांढरे हातमोजे घातले त्यांनी, कापसात घातली आणि नेली.

आत्या तवा मागं शेळीपाशी व्हती. कुणीतरी वरडलं, पायवाली घावली म्हनून. काठी टाकून आली गं बाई, अनवानी. जीप वळणावर गेली व्हती. ती तितंच रस्त्यात फतकल मारून बसली. मग जी माज्यावर सुटली! "मुडद्या, पंधरा दिस तांदळात ठिवलीस आणि त्याच तांदळाचा भात मला घातलास!" मी मान खाली घालून ऐकलं. तिचं काय चुकलं?

चार दिसांनी जे बोलली ते तुलाबी ठाव नसंल, मलाबी न्हवतं.

पूर्वी आपल्यात बाई अडली की पायवालीला तिच्या उशाला आणून ठिवायचे. अडलेली बाई अंगठ्यानं तिचा खालचा पाय दाबायची आणि म्हनायची, "ऊठ गं बाई." किती पिढ्या, कोण मोजणार. त्या पायाची बोटं झिजून गुळगुळीत झाली व्हती. आबानं देव सोडले तवा आपली आजी सातव्या म्हैन्यात व्हती. दोन म्हैन्यांनी अडली. तिनं पायवाली मागितली. आबा दाराशी हुबा ऱ्हायला. आपला बाप जगला, आजी गेली. नऊ वर्सांच्या आत्यानं बाप वाढवला. म्होरं आपल्याला वाढवलं. तुज्या कालेजाच्या टायमाला लोकांच्या बंगल्यांवर गवत कापायला कोन जायचं, ते सांगायला नको.

तिला पूजा करायची न्हाई. प्रतिज्ञा घेतलीय, म्हनती, हात जोडायची न्हाई. फकस्त आईचा अंगठा जितं लागला व्हता तितं आपला एकदा ठिवायचा हाय.

आणि इचारतीया, आबा चुकला का? तू शिकलीस, तूच सांग.

रामदास


मारुंजी
३० जुलै २०२४

प्रिय दादा,

उशीर झाला, रागावू नकोस. प्रयोगशाळेतच होते महिनाभर.

आत्याला सांग, आबा चुकले नाहीत. मूर्तीच्या बैठकीमागे एक ओळ कोरलेली निघाली. जुनी लिपी आहे. अर्थ असा की, जे जे कशामुळे तरी घडतं, ते कशामुळे घडतं हे तथागतांनी सांगितलं आहे. म्हणजे मूर्तीच्या पाठीवर बुद्धाचं नाव होतं, दादा, आणि आपल्या घरात ते वाचणारं कुणी नव्हतं. आबांना अक्षर शिकू दिलं होतं का कुणी? ज्यांनी शिकू दिलं नाही त्यांना विचारावा हा प्रश्न.

पायाच्या झिजेचं मात्र वेगळं आहे. आमच्या अहवालात ती वाळू आणि पाण्याने झालेली झीज आहे. आत्याची आठवण नऊ वर्षांच्या मुलीची. आमच्या संचालिका हेमलता मॅडमना मी ते "स्थानिक वदंता" म्हणून सांगितलं. छान आहे म्हणाल्या, पण पुरावा म्हणून धरता येत नाही.

डिसेंबरात प्रदर्शन आहे. त्याआधी मी तिला वाडीवर आणायचं बघते. न जमलं तर आत्याला इकडे आणू. शब्द दिलाय तो दिलाय.

पल्लवी


वाडी
१९ ऑक्टोबर २०२४

पल्लवीस,

वदंता म्हंजे काय, ते शाळेतल्या मास्तरला इचारलं. लोक काहीबाही बोलत्यात ते, म्हनला. आपल्या घरात बाळंतपणात मेलेली बाई काहीबाही झाली तर. वा!

आत्याचे पाय सुजल्यात. दोन उशा पाठीला लावल्याबिगर झोप न्हाई. डाक्टर म्हनतो, हृदय मोठं झालंय. मी म्हनलं, ते पयल्यापासनंच हाय.

रोज इचारती, "पल्लू कवा आनती?" मी रोज थाप मारतोय. आता माज्याकडच्या थापा सपल्यात, तुज्याकडच्या धाड.

रामदास


मारुंजी
२८ नोव्हेंबर २०२४

दादा,

टोमणे मारायचे तेवढे मार. मूर्ती बाहेर न्यायची परवानगी मिळाली नाही, तीनदा अर्ज केला. (दोनदा केला. खोटं कशाला बोलू.)

पुढच्या आठवड्यात ती काचेत जाईल. उद्घाटनाला मात्र येऊ नका. खूप गर्दी, मोठी मोठी माणसं, आत्याला बसायलाही जागा मिळायची नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं. कुठला सोमवार ते मी कळवते. त्या दिवशी चावी माझ्याकडे असेल, काच उघडीन आणि आत्या हवा तेवढा वेळ पायाला हात लावू दे. बरोबर फक्त आपण तिघं.

सोमवारीच या. मधल्या वारी नको.

पल्लवी


वाडी
१७ जानेवारी २०२५

पल्लवी,

किती सोमवार गेले, मोजलेस? मी मोजले. सहा.

काल बेस्तरवार व्हता. वाडीतल्या माऊलीचा टेम्पो भाजी घेऊन पुण्याला निघाला व्हता. आत्यानंच हट्ट धरला. म्हनली, माज्याकडं आता सोमवार न्हाईत लई. गादी टाकली टेम्पोत, कोबीच्या पोत्यांना टेकवून बसवली. तिनं पांढरं लुगडं नेसलं, वंदनेला नेसती ते.

तुजं म्युझियम झ्याक हाय. गार. पायऱ्या उचलून चढवल्या तिला. मधोमध काचेत एकटी पायवाली, वरनं उजेड. आत्यानं बघितलं आणि तिचा हात माज्या दंडात रुतला. "तीच हाय रं," म्हनली. "धाकटी झाली." मी म्हनलं, तू मोठी झालीस.

मग मी पाटी वाचली. तिनं वाच म्हनलं, म्हनून मोठ्यानं वाचली. तुजंच नाव हाय खाली, लग्नानंतरचं. "धरणाच्या गाळात एका स्थानिक मजुराला सापडली. १९५७च्या सुमारास स्थानिकांनी अज्ञानापोटी पाण्यात टाकली असावी."

मजूर मी. ठीक हाय, मजूर हायेच मी. पर अज्ञानापोटी? पल्ले, आबानं ज्या दिवशी टोपलं उचललं तेवढा शाना दिवस आपल्या घरानं कधी बघितला न्हवता. त्या एका दिसावर तू शिकलीस. आणि त्याच दिसाला तू काचेखाली अज्ञान लिव्हलंस.

म्होरचं लिव्हू का नको, रातभर इचार केला. लिव्हतो.

तू तितंच व्हतीस. दहा-बारा भारी कापडातली मान्सं घेऊन आलीस, त्या म्याडमबी व्हत्या. तू त्यांना पायाचं सांगत व्हतीस. "कुणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये, म्हणून पाय आधीच खाली." लई ग्वाड सांगितलंस. आत्यानं तुजा आवाज वळखला. वळून म्हनली, "पल्लू!" जोरात म्हनली. समद्यांनी बघितलं.

तू बघितलंस. माज्याकडं बघितलंस, तिच्याकडं बघितलंस. चार पावलं व्हती. म्याडमनं इचारलं, "ओळखीचे का?" आणि तू म्हनलीस, "नाही, गावाकडून येतात असे." आत्यानं तंवर काचेला हात टेकला व्हता, आधाराला. तू वाचमनला म्हनलीस, "त्यांना काचेला हात लावू देऊ नका."

त्यानं हात काढला तिचा. हळूच काढला. तो बरा मानूस व्हता.

टेम्पोत लवळ्यापाशी आल्यावर म्हनली, "तिला कामाच्या टायमाला हाक मारली मी. चुकलंच माजं."

रामदास


मारुंजी
२० जानेवारी २०२५

दादा,

जय भीम.

सहा वर्षांनी लिहितेय हे. नोकरी लागली तेव्हाच थांबवलं होतं.

तुला काय वाटतं, मला झोप लागते? नोकरीच्या दुसऱ्या दिवशी एका बाईंनी विचारलं, माहेरचं आडनाव काय. मी खोटं सांगितलं. एकदा सांगितलं की रोज सांगावं लागतं, दादा. सोसायटीत नवऱ्याचं, शैलेशचं आडनाव दारावर आहे म्हणून हळदीकुंकवाला बोलावतात. तुझा फोन आला की मी बाल्कनीत जाते, तुझं "हाय" आणि "न्हाई" कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. लिहिताना माझी मलाच शिसारी येते. तू तिथे धरणाकाठी ताठ राहतोस, तुला सोपं आहे. मी इथे रोज मोजून-मापून बोलते.

हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे. आत्याने "पल्लू" म्हटलं तेव्हा माझा पाय उचलला होता. खरंच उचलला होता. मग मॅडमनी विचारलं आणि तो परत खाली टेकला.

पाटी बदलते. आणि तो पाय मी काल भिंगाखाली परत बघितला. वाळूने झिजलं असतं तर सगळीकडून झिजलं असतं. बोटांवर एक खळगा आहे, एकाच बाजूने घासलेला. मी त्यात माझा अंगठा ठेवला. बरोबर बसतो. आत्याचं खरं होतं आणि मी ते अहवालातून काढलं.

सोमवारी, ३ फेब्रुवारीला, काच उघडी ठेवते. मॅडमना सांगितलंय, माझी आत्या येणार आहे. "माझी आत्या" असंच सांगितलं, आडनावासकट. गाडी पाठवते. तिला घेऊन ये. पाया पडते तुझ्या.

पल्लू


वाडी
३० जानेवारी २०२५

पल्लू,

मी भिमाबाई बोलतुया, रामदास लिव्हतोय. त्यानं मदी आपलं काय घालू नये म्हनून त्याला शपथ घातलीया.

तुजं पत्र ऐकलं. रडू नगंस. मी काय तुज्यावर रागावली न्हाई, असं म्हनलं तर खोटं हुईल. रागावली. लई रागावली. तुजी येणी मी घातली, तुज्या उवा मी काढल्या, आणि तू म्हनलीस गावाकडनं येत्यात असे. त्या दिशी टेम्पोत मला वाटलं, आबानं मूर्ती सोडली ती बरी व्हती. ती निदान बुडाली. तू डोळ्याम्होरं हुबी व्हतीस.

आता गाडी धाडू नगंस. मला बसवत न्हाई.

पाटीवर लिव्ह की हिला भिमाबाईच्या बापानं बुडवली, आणि जानून बुजून बुडवली. त्याला ठाव न्हवतं ती कोन हाय, पर आपून कोन हाय ते ठाव झालं व्हतं. आणि लिव्ह, पाय बायकांनी झिजवला. आईचं नाव लिव्ह. तिचं नाव तुला म्हाईत न्हाई, कुनी इचारलंच न्हाई कदी. तानूबाई.

मला लिव्हता येत न्हाई. खाली अंगठा लावते. सोमवारी काच उघडशील तवा हा कागद त्या पायावर ठिव. तेवढं कर. माजा अंगठा पोचला म्हंजे झालं.

भिमाबाई


४ फेब्रुवारी २०२५

पल्लवी,

वरचं पत्र सांगितलं तवा घरात शाई न्हवती. उद्या पंचायतीतनं पॅड आणतो म्हनलं. दुसऱ्या दिशी दुपारी पॅड घेऊन आलो तर शारदा दारात हुबी व्हती.

तुला कळवलं न्हाई. तू आली असतीस तर लोकांनी इचारलं असतं, ही कोन? आणि मला त्या दिवशी खोटं बोलायचं न्हवतं, खरंबी बोलायचं न्हवतं. काल सोमवारी तू काच उघडून बसली असशील. सांजपातुर बसलीस का गं?

खाली अंगठा हाय तो तिचाच. पर तिनं लावला न्हाई. मी तिचा हात उचलला, शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. बोट गार पडलं व्हतं, दोनदा दाबावं लागलं, म्हनून जरा पुसट उठलाय. आपल्या मुळशीत मेलेल्या मान्सांचे अंगठे जमिनीच्या कागदांवर लई उठल्यात. येक पायावर ठिवायला उठला तर काय बिघडलं.

ठिवशील तवा म्हन, "ऊठ गं बाई." मोठ्यानं म्हन, समद्यांच्या देखत.

रामदास